येलदरीची शेवटची पंगत

झरीच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी गावाला वह्या विकते, आणि माझ्याच घरात, माझ्याच सासऱ्यांनी, मी स्वतः निवडून आणलेली वही दोन महिने उघडली नाही. आता तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होईल? माझं तसंही लवकर फिरतं. आमचे हे म्हणतात, राजेश्रीला राग यायला कारण लागत नाही, नुसती सवड मिळाली तरी बास. बोलू द्या त्यांना. ते दिवसभर परभणीला विद्यापीठात असतात, घरातल्या दोन म्हाताऱ्यांशी डोकं मला लावावं लागतं.

सासऱ्यांचं नाव लिंबाजी. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, तेव्हा मीही मामाच म्हणते. मामा आचारी आहेत. हॉटेलातले नाहीत, गावजेवणाचे. लग्न म्हणा, तेरवी म्हणा, सप्त्याच्या शेवटच्या दिवसाचा प्रसाद म्हणा, झरीच्या आसपासच्या तीस-चाळीस गावांत मोठ्या पातेल्याखाली लाकडं लागायची असली की मामांना निरोप येतो. आता मंगल कार्यालयं झाली, उभ्यानं जेवायची पद्धत आली, तरी मामांचं काम काही थांबलं नाही. मामांच्या हातची वांग्याची भाजी खाल्लेला माणूस दुसरीकडं जेवताना तोंड वाकडं करतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. आणि मी फुकटचं कौतुक करणाऱ्यातली नाही, हे आख्ख्या झरीला माहीत आहे.

तर मामांची ती वही. लांब, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड लावलेली. तात्याराव म्हणून मामांचे उस्ताद होते, त्यांनी ती पंच्याण्णव साली मामांच्या हातात ठेवली आणि सांगितलं की हाताच्या अंदाजावर लय भरवसा ठेवू नको, लिहीत जा. मामा चौथी शिकलेले. अक्षर मोठं, ओळी जरा उताराला लागलेल्या. तीस वर्षांचे तेलाचे हात लागून काही पानं आरपार दिसतात, आणि वही उघडली की हळदीचा, धुराचा आणि जिऱ्याचा असा एकत्र वास येतो. पाठ सुटली म्हणून मी तिला दोनदा डिंक लावला, एकदा दाभणानं शिवली. घरात आग लागली तर मामा आधी वही उचलतील आणि मग आम्हाला हाका मारतील, असं आत्या म्हणतात. आत्यांचं नाव बायनाबाई, आणि त्या खोटं बोलत नाहीत.

वहीतल्या नोंदी ठरलेल्या असायच्या. तारीख, गाव, कुणाचं कार्य. मग आवतन कसलं, ते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, गावाकडं जेवणाचं बोलावणं म्हणजे आवतन, आणि त्याचे दोन प्रकार. घरटी एक म्हणलं तर प्रत्येक घरातून एक माणूस येणार. चूलबंद म्हणलं तर त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची नाही, पाळण्यातल्या लेकरापासून म्हातारीपर्यंत आख्खं घर मांडवात. आचाऱ्याचं सगळं गणित या एका शब्दावर असतं. त्याखाली तांदूळ किती, डाळ किती, काय कमी पडलं, काय उरलं. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, जी मी दुसऱ्या कुठल्याच आचाऱ्याच्या वहीत बघितली नाही. त्या ओळीत लिहिलेलं असायचं, 'शेवटची पंगत', आणि पुढं नावं.

शेवटच्या पंगतीला कोण बसतं, तर ज्यांनी दिवसभर दुसऱ्यांना जेवू घातलं ते. वाढणारी पोरं, भांडी घासणाऱ्या बाया, पाणी आणणारा, बँडवाले, टेंपोचा ड्रायव्हर. मामा त्यांच्यातच बसून जेवतात, आधी कधीच नाही. जेवताना एकेकाचं नाव विचारतात आणि घरी आल्यावर लिहितात. ही सवय तात्यारावांची. पाहुण्यांची नावं लग्नपत्रिकेत असतातच, यांची कुठं असणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा मला ही सगळी म्हाताऱ्या माणसाची हौस वाटली होती. मग एकदा दुकानात बोरीची एक बाई आली, मी लिंबाजी आचाऱ्याची सून म्हणल्यावर म्हणाली, "त्यांच्या वहीत माझं नाव हाय." ती भांडी घासणारी होती. ते सांगताना तिनं पदर नीट केला. तेव्हापासून मी त्या वहीला कधी नुसती वही म्हणलं नाही.

यंदा माघात वहीचं एकच पान शिल्लक राहिलं. मी मोठ्या हौसेनं परभणीहून तशीच लांब वही आणली, दोनशे पानांची, पाठीला लाल कापडाची. खाकी कव्हर घातलं, वर चिठ्ठी चिकटवून नाव घातलं, लिंबाजी आचारी, झरी. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली. मला वाटलं, मुहूर्त बघत असतील.

कसला मुहूर्त! जुन्या वहीचं शेवटचं पान भरलं. मग मामांनी समासात लिहायला सुरुवात केली. समास भरले तसे ते पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहू लागले. ते संपल्यावर लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहून त्या पत्रिका वहीत खोचायला लागले. वही फुगली, माझी शिवण उसवली, आणि फळीवरच्या नव्या वहीवर उदबत्तीची राख साठली. आत्यांनी एकदा विचारलं तर मामा नुसते हसले. मी विचारलं तर म्हणाले, लिहू की, घाई काय हाय. दुकानदाराच्या घरात पत्रिकेच्या पाठीवर लिहायचं म्हणजे माझी किती शोभा!

मग मला वाटलं, जुनी वही जवळ नसली तर अंदाज चुकेल अशी त्यांना भीती असेल. म्हणून एका दुपारी दुकानात गर्दी नसताना मी वहीचं एकेक पान झेरॉक्स करायला घेतलं. म्हणलं, अंदाज सगळे फाइलला लावून देते, मग तरी नवी वही उघडतील. तसं करता करता मला ते पान सापडलं. दोन हजार सात, वैशाख, येलदरी, अप्पारावांच्या बबिताचं लग्न. आवतन घरटी एक. तांदूळ, डाळ, बुंदी, सगळं लिहिलेलं. शेवटी 'शेवटची पंगत' असं लिहून पुढं 'बसली न्हाई'. आणि खाली अर्धं पान कोरं. जो माणूस पुठ्ठासुद्धा सोडत नव्हता, त्याच्या वहीत अर्धं पान कोरं!

माझी जीभ म्हणजे काय सांगू. संध्याकाळी मामा ओट्यावर चहाची वाट बघत बसले होते. मी वही त्यांच्यापुढं धरली आणि ठसक्यात म्हणलं, मामा, पत्रिका कशाला खराब करता, हे बघा, इथं जागा आहे, कालची तेरवी इथं लिहा. मामांनी पानाकडं बघितलं. माझ्या हातातनं वही काढून घेतली, अगदी हळू, आणि चहा न घेता उठून मागच्या अंगणात गेले. तेरा वर्षांत मामा माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. त्या दिवशीही ओरडले नाहीत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहाचा कप घेऊन मी मागं गेले. मामा दगडावर बसले होते, वही मांडीवर. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि सांगायला लागले.

येलदरीच्या धरणाच्या अलीकडं एक ऐंशी उंबऱ्यांची वाडी आहे, मामा तिला येलदरीच म्हणतात. तिथले अप्पाराव बोलणी करायला झरीला आले तेव्हा आवतन घरटी एक ठरलं होतं. पण धाकट्या लेकीचं लग्न, आदल्या संध्याकाळी त्यांचं मन भरून आलं, आणि आवतन सांगणाऱ्या सटवाजीला त्यांनी सांगितलं, चूलबंद सांग. सटवाजीनं घरोघर जाऊन तसं सांगितलं. लग्नघराच्या धांदलीत आचाऱ्याला सांगायचं मात्र राहून गेलं. तात्यारावांची शिकवण अशी की लाकडं पेटवायच्या आधी आचाऱ्यानं सकाळी पुन्हा एकदा विचारावं, आवतन काय गेलं. मामांनी विचारलं नाही. वहीत लिहिलेलं आहेच की, म्हणाले. बारा वर्षं वही कधी चुकली नव्हती, त्याचा त्यांना तोरा होता.

दुसऱ्याच पंगतीला आख्खी घरंच्या घरं येऊन बसायला लागली तेव्हा मामांना कळलं की आवतन बदललंय. वाडीत दुकान एकच, आणि दुकानदारही चूलबंद आवतनाला मान देऊन सहकुटुंब पंगतीत बसलेला. त्याला अर्ध्या जेवणावरून उठवून दुकान उघडायला लावलं. होता नव्हता तेवढा तांदूळ शिजवला, डाळीत पाणी वाढवलं, वऱ्हाड जेवलं, गाव जेवलं. पातेली खरवडून झाली तेव्हा शेवटची पंगत राहिली होती. मामांनी मोजली, त्रेचाळीस माणसं. त्यांना वाढायला काही म्हणजे काही नव्हतं. ती हळूहळू उठून वाडीकडं निघून गेली. मामा कढई उलटी घालून लिंबाखाली तोंड लपवून बसले, आणि झरीहून भांडी न्यायला आलेला टेंपो भरला तसे कुणाचा निरोप न घेता निघून आले. त्यानंतर येलदरीच्या वाटेचं एकही काम त्यांनी घेतलं नाही. अप्पारावांचा दोनदा निरोप आला होता, तोसुद्धा परत धाडला.

"नव्या वहीत काय लिहू, राजेश्री?" मामा म्हणाले. "ह्या वहीत त्रेचाळीस मानसं अजून उपाशी हायत."

मामांचं म्हणणं इतकंच होतं की जोवर त्या माणसांना आपण जेवू घालत नाही तोवर आपल्याला नवी वही धरायचा हक्क नाही. आणि आता गुडघे गेले, वय अडुसष्ट झालं, त्यातली किती माणसं राहिली असतील कुणाला ठाऊक. मग जुनी वही अशीच संपवायची आणि पळी-झारा ठेवून द्यायचा, असं त्यांनी मनात धरलं होतं. नवी वही उघडायची नव्हतीच त्यांना. मला वाटत होतं की एक म्हातारा माणूस हट्ट करतोय, आणि इथं तो माणूस काम सोडायला निघाला होता.

मी म्हणलं, मामा, परवा दुकान बंद. आपण जायचं. तुम्ही त्या लोकांची नावं काढा, मी लिहून घेते, आणि मग बोलवा सगळ्यांना जेवायला, कढई आहे, तुम्ही आहात. मामा नको नको म्हणाले. मी ऐकणाऱ्यातली नाही, आणि त्या दिवशी या गुणाचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी बुंदी पाडली. लाडू वळले ते मोजून त्रेचाळीस. त्या लग्नातही बुंदीच होती. आत्यांनी डब्याला फडकं बांधून दिलं आणि मामांच्या सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. एसटीनं जिंतूर, तिथनं काळीपिवळीत दाटीवाटीनं येलदरी. मामांच्या मांडीवर डबा, डब्यावर वही, आणि वहीवर दोन्ही हात. उतरल्यावर ते तिथंच रेंगाळले. गुडघ्याचं निमित्त सांगितलं, पण मला कळत होतं.

अप्पारावांचं घर विचारावं लागलं नाही, मामांना वाट पाठ होती. अप्पाराव तीन वर्षांपूर्वी वारले होते. दारात त्यांच्या घरच्या कुसुमबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नवरीची आई त्या. मामांनी हात जोडले, नाव सांगितलं. बाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

मामांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, मी सकाळी विचारायला पाहिजे होतं, त्रेचाळीस माणसं माझ्या मांडवातनं उपाशी गेली, त्यातली जी असतील त्यांची नावं द्या, मला त्यांना जेवू घालायचंय. एका दमात बोलले. अठरा वर्षं मनात म्हणून ठेवलेलं असावं ते. बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच कळल्याचं दिसेना.

"उपाशी?" त्या म्हणाल्या. "कोन उपाशी गेलं, लिंबाजीभाऊ?"

मग त्यांनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. भाताचं पातेलं खरवडल्याचा आवाज आला तसं आळीतल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. एकेक करून मांडवातनं मागच्या मागं घरी गेल्या आणि चुली पेटवल्या. गावाला चूलबंद आवतन, आणि अकरा घरांतनं धूर निघत होता. भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी. मारुतीच्या देवळामागं, वऱ्हाडाला दिसणार नाही असं, त्रेचाळीस माणसं बसवली आणि पोटभर वाढलं. कुसुमबाई स्वतः पीठ मळायला बसल्या होत्या. लेक सासरी निघाली तेव्हा धावत आल्या, तिला मिठी मारली तर नव्या शालूला पिठाचे हात लागले. रडायला सवडच झाली नाही म्हणाल्या, आणि हे सांगताना मात्र त्यांचे डोळे भरले.

मामांना हे सांगितलं का नाही? बाई म्हणाल्या, तुम्ही लिंबाखाली असे बसला होता की जवळ यायचं कुणाचं धाडस झालं नाही. सगळं आवरल्यावर सांगू म्हणलं. आचाऱ्याला कळलं की बायांनी रांधलं तर त्याची मान आणखी खाली जाईल, अशीही एक भीती होती.

"तुमचं बी ताट वाढून ठेवलं होतं," कुसुमबाई म्हणाल्या. "मालक सोता घेऊन आले लिंबाखाली. टेंपो गेलेला. त्या दिसी सगळ्या मांडवात एकटे तुमीच उपाशी गेलाव, भाऊ."

मामा खाली बसले. दारातच, पायरीवर. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हातारं माणूस रडायला लागलं की आपण कुठं बघावं ते कळत नाही. मी डब्याच्या फडक्याची गाठ सोडत बसले.

अप्पारावांच्या मनातही ते ताट राहून गेलं होतं. आपण आवतन बदललं आणि आचाऱ्याला सांगितलं नाही, आपल्या विसरभोळेपणापायी एका कसबी माणसाची फजिती झाली, असं ते बोलून दाखवायचे. म्हणूनच त्यांनी पुतणीच्या लग्नाला आणि नंतर वास्तुशांतीला निरोप धाडले. मामांनी ते परत पाठवले तेव्हा त्यांना वाटलं, लिंबाजीचा राग गेला नाही. इकडं मामांना वाटत होतं की तिकडं तोंड दाखवायची सोय नाही. दोन चांगली माणसं एकमेकांची माफी मागायची म्हणून अठरा वर्षं एकमेकांना टाळत बसली, आणि त्यातला एक निघून गेला. मला त्याच जागी दोघांचा राग आला. आणि कणवही आली.

तेवढ्यात कुणीतरी निरोप दिला म्हणून काठी टेकत सटवाजी आले. ऐंशीच्या पुढचे, कान चांगले, आठवण त्याहून चांगली. त्या दिवशीच्या त्रेचाळिसांत ते स्वतः होते. त्या पिठल्यासारखं पिठलं परत मिळालं नाही म्हणाले, आणि मामांकडं बघून जीभ चावली. मामा हसले. घरातनं निघाल्यापासून पहिल्यांदा हसले.

कुसुमबाईंनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. पाहुणी आहेस म्हणाल्या. अर्ध्या तासात त्यांनी दोन ताटं बाहेर आणली. भाकरी, पिठलं, चटणी, बाजूला कांदा. मामांनी सवयीनं विचारलं की बाकीच्यांचं झालं का, सगळे जेवल्यावर बसतो. बाई म्हणाल्या, झालं समद्यांचं, कवाच झालं. मग मामा बसले. मी तेरा वर्षं या माणसाला जेवताना बघते. नेहमी घाईघाईनं, एक डोळा पातेल्यावर ठेवून जेवतात. त्या दिवशी ते सावकाश जेवले. तीन भाकरी खाल्ल्या, आणि पिठलं दोनदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर मामांनी जुनी वही उघडली. सटवाजी आणि कुसुमबाई मिळून त्या अकरा घरांतल्या बायांची नावं सांगू लागले. मी लिहायला हात पुढं केला तर मामा म्हणाले, मी लिहितो. रुख्मिणी, विमल, सटवाजींची बायको, दुकानदाराची आई, एकेक नाव उताराच्या ओळीत उतरत गेलं. चौघी आता नव्हत्या. मामांनी त्यांचीही नावं तितक्याच मोठ्या अक्षरात घातली. कोरं अर्धं पान बरोबर भरलं. 'बसली न्हाई' असं जे लिहिलं होतं ते त्यांनी खोडलं नाही, त्याच्याखाली लिहिलं, 'बसली होती. त्रेचाळीस. पोटभर.'

लाडवांचा डबा घेऊन आम्ही त्या अकरा घरी गेलो. मामांनी प्रत्येक दारात स्वतः लाडू दिले. जिथं बाई नव्हती तिथं तिच्या सुनेच्या हातात दिले आणि तिच्या सासूनं काय केलं होतं ते सांगितलं. बहुतेक सुनांना ते माहीतच नव्हतं. एका घरी विमलबाई म्हणून एक म्हातारी खाटेवर पडून होती. तिला मामा आठवेनात, लग्न आठवेना, पण लाडू तोंडात घातल्यावर म्हणाली, पाक बरोबर जमलाय. मामांना कुणी मोठं बक्षीस दिलं असतं तरी ते इतके खूश झाले नसते.

परत येताना काळीपिवळीत मामा जिंतूरपर्यंत बोलत होते. तात्याराव, पाकाची तार, कुठल्या गावचं पाणी डाळीला चांगलं. ड्रायव्हरसुद्धा कंटाळला असेल. मी ऐकत होते आणि मनात देवाचे आभार मानत होते की झेरॉक्स करायची बुद्धी झाली, आणि माझ्या तिखट तोंडाचेसुद्धा आभार मानत होते. ते नसतं तर ते अर्धं पान तसंच राहिलं असतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. मामांनी हातपाय धुतले, फळीवरची नवी वही काढली, राख झटकली. आत्या आणि मी दारातनं बघत होतो. त्यांनी पहिलं पान उघडलं, हातानं दाबून सपाट केलं आणि लिहायला लागले. नंतर मी जाऊन वाचलं. तारीख. येलदरी, कुसुमबाईंचं घर. भाकरी, पिठलं, चटणी. काही कमी पडलं न्हाई. आवतनाच्या पुढं लिहिलं होतं, 'अठरा वर्सांपूर्वीचं'.

आणि शेवटच्या ओळीत, जिथं तीस वर्षं दुसऱ्यांचीच नावं लिहिली गेली, तिथं एकच नाव होतं. 'शेवटची पंगत: लिंबाजी.'